कंट्रोलची अँटीबॉडीच न्युमोकॉकसला चिकटतेय. काय चुकतंय?

पेशीवेडी (पुणे)

नमस्कार. पीएच.डी.चं दुसरं वर्ष चालू आहे. गेले तीन आठवडे एकाच प्लेटवर अडकलेय, म्हणून इथे विचारतेय.

उंदरांना नाकावाटे न्युमोकॉकस (न्युमोनियाचा जंतू) दिल्यावर नाकातल्या स्रावात त्याच्याविरुद्धची आयजीए (स्रावांत असणारी अँटीबॉडी) किती तयार होते, हे मी मोजते. ९६ खणांच्या प्लेटमध्ये उष्णतेने मारलेले जंतू बसवते, उरलेली जागा बीएसएने (गाईच्या रक्तातल्या प्रथिनाने) भरून काढते, मग नमुना, मग एन्झाइम लावलेली उंदराच्या आयजीएविरुद्धची अँटीबॉडी आणि शेवटी टीएमबी, म्हणजे एन्झाइममुळे निळं होणारं रसायन. कंट्रोल म्हणून नमुन्यांइतक्याच मात्रेत विकतची शुद्ध आयजीए घालते. ही आयजीए उंदराच्या प्लाझ्मा सेल (अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी) ट्यूमरमधून काढलेली आहे. ती "कशालाच चिकटत नाही", म्हणून कंट्रोल, असं मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं.

माझे आकडे (रंगाची तीव्रता) असे. लस दिलेल्या उंदराचा नमुना ०.९. कंट्रोल आयजीए १.८! जंतू न लावलेल्या, फक्त बीएसएच्या खणात तीच कंट्रोल आयजीए ०.०७. नुसती दुसरी अँटीबॉडी ०.०८. म्हणजे दुसऱ्या अँटीबॉडीचा दोष नाही, प्लास्टिकचाही नाही. ई. कोलाय लावलेल्या प्लेटवर हीच कंट्रोल ०.१ देते. आणखी एक गोष्ट खटकते. १.८ आला तो कवच नसलेल्या आर३६ए या जातीवर. कवच असलेल्या जातीवर तोच कंट्रोल ०.६ देतो.

आतापर्यंत बीएसएऐवजी दूध पावडर वापरून पाहिली, धुणं तीन वेळांवरून सहा वेळांवर नेलं, धुण्याच्या पाण्यातलं ट्वीन (साबणासारखं द्रव्य) वाढवलं, कंट्रोलची नवी बाटली फोडली, दुसऱ्या कंपनीची प्लेट आणली. आकडा जेमतेम १.८ चा १.७ होतो. गाईड म्हणतात कुठेतरी कंटॅमिनेशन आहे. लॅबमधल्या एका सीनिअरचं म्हणणं, ट्यूमरची अँटीबॉडी म्हणजे बिघडलेल्या पेशीचा कचरा, ती कशालाही चिकटणारच. पण मग ई. कोलायला का चिकटत नाही?

पुढच्या महिन्यात कमिटीसमोर बसायचंय. कुणी काही सुचवू शकेल का?

---

स्फटिक

आकडे नीट दिल्याबद्दल आभार, नाहीतर लोक "बॅकग्राउंड जास्त येतंय" एवढंच लिहितात. कंटॅमिनेशन वाटत नाही. फक्त एका जंतूला चिकटणं आणि कवच नसेल तेव्हा जास्त चिकटणं, हे अंधाधुंद चिकटणं नव्हे. बाटलीवर क्लोनचं, म्हणजे अँटीबॉडी ज्या गाठीतून आली तिचं, नाव असेल, बारीक अक्षरात. ते सांगा.

---

पेशीवेडी (पुणे)

बाटलीवर "आयजीए, कप्पा, टीईपीसी-१५" लिहिलंय (कप्पा हा हलक्या साखळीचा प्रकार). क्लोन म्हणजे नुसता कॅटलॉगचा नंबर असेल असं समजून मी कधी लक्षच दिलं नव्हतं.

---

जुनी_प्रयोगशाळा

तुझा हात चुकलेला नाही, प्लेट चुकलेली नाही, कंटॅमिनेशनही नाही. तू जी बाटली कंट्रोल म्हणून वापरते आहेस ती न्युमोकॉकसविरुद्धची जगातली बहुधा सर्वांत जास्त अभ्यासलेली उंदराची अँटीबॉडी आहे. टीईपीसी-१५, जुन्या लेखांत नुसतं टी१५. ती जंतूवरच्या फॉस्फोरिलकोलीनला (कोलीनला फॉस्फेट जोडलेल्या छोट्या रेणूला) धरते. तुझ्या प्लेटने तीन आठवडे तुला खरं तेच सांगितलंय.

मी निवृत्त आहे. ऐंशीच्या दशकात मुंबईत पीएच.डी. केली ती याच कुळातल्या दुसऱ्या एका अँटीबॉडीवर, एमओपीसी-३१५ वर. म्हणून थोडं लांबवते. "कचरा" हा शब्द मी तेव्हाही ऐकला होता आणि तेव्हाही मला तो लागला होता.

आधी नावांविषयी. एमओपीसी म्हणजे मिनरल ऑइलने झालेला प्लाझ्मासायटोमा. टीईपीसीमधलं टीई म्हणजे टेट्रामिथाइलपेंटाडेकेन, आपण ज्याला प्रिस्टेन म्हणतो ते तेल. १९५९ मध्ये मर्विन आणि अल्जायर यांनी बाल्ब-सी या जातीच्या उंदरांच्या पोटात प्लास्टिकच्या छोट्या डब्या ठेवल्या होत्या. हेतू वेगळाच होता, पण उंदरांना प्लाझ्मा पेशींच्या गाठी झाल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत बेथेस्डाला मायकेल पॉटर होते. त्यांनी बॉइस यांच्याबरोबर १९६२ मध्ये दाखवलं की पोटात नुसतं मिनरल ऑइल टोचलं तरी तेच होतं. पुढे १९६९ मध्ये प्रिस्टेन आलं. अर्धा-अर्धा मिलिलिटर, दोन-दोन महिन्यांच्या अंतराने तीनदा, आणि मग वाट बघायची. वर्षभरात निम्म्याहून जास्त बाल्ब-सी उंदरांच्या पोटात गाठ धरते. दुसऱ्या बहुतेक जातींच्या उंदरांना काही होत नाही.

एक गाठ म्हणजे एका पेशीची संतती, आणि त्या सगळ्या पेशी एकच अँटीबॉडी ओततात. हायब्रिडोमा (प्रयोगशाळेत पेशी जोडून अँटीबॉडी बनवायची पद्धत) येण्याआधी एकजिनसी अँटीबॉडी ग्रॅमच्या हिशेबात मिळवायची ही मोठी सोय होती. पॉटर या गाठी मागेल त्याला पाठवत. आमच्याकडची गाठही अशीच हातोहात आली होती, एका उंदरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात.

पण साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत लोकांना शंका होती की ही प्रथिनं खऱ्या अँटीबॉडी आहेत का. "पॅराप्रोटीन" हा शब्द त्याच शंकेतून आलेला. दिसतात अँटीबॉडीसारखी, पण पकडतात काय ते कुणालाच माहीत नाही. शोधायची पद्धत अगदी साधी होती. आगारच्या थराला भोकं पाडायची, एका भोकात ट्यूमरचं प्रथिन, भोवतीच्या भोकांत वेगवेगळ्या जंतूंचे अर्क, आणि रात्रभर ठेवून द्यायचं. दोघांचं जमलं तर मधे पांढरी रेघ उमटते. शेकडो प्रथिनं, तेवढेच अर्क, आणि बहुतेक वेळा कोरा आगार. १९६८ मध्ये पॉटर आणि लिऑन यांनी तीन आयजीए दाखवल्या, ज्या न्युमोकॉकसच्या भिंतीतल्या सी पॉलिसॅकराइडबरोबर (साखरेच्या साखळीबरोबर) रेघ देतात. मेल्विन कोन यांचा गट सॉल्क इन्स्टिट्यूटमध्ये त्याच वाटेवर होता. त्या पॉलिसॅकराइडमधला नेमका पकडला जाणारा तुकडा फॉस्फोरिलकोलीन आहे, हे लिऑन आणि यंग यांनी १९७१ मध्ये दाखवलं. मग एकाच तुकड्याला धरणाऱ्या वेगवेगळ्या उंदरांच्या गाठी सापडत गेल्या: टी१५, एस१०७, एमसीपीसी-६०३, एमओपीसी-१६७, एमओपीसी-५११.

आता तू विचारशील, त्या उंदरांना न्युमोकॉकस दिला कुणी? कुणीच नाही. पण फॉस्फोरिलकोलीन फक्त न्युमोकॉकसवर नसतं. आतड्यातल्या काही जंतूंवर असतं, बुरशीवर असतं, जंतांवर असतं. उंदीर जन्मल्यापासून त्याला भेटत असतो. गाठी धरतात त्या पोटाच्या पोकळीत, आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आयजीए बनवतात. आयजीए तर आतड्याचीच राखणदार. म्हणजे तेलाने ज्या पेशींच्या गाठी झाल्या, त्या पेशी आधीपासून आतड्यातल्या पाहुण्यांविरुद्ध कामाला लागलेल्या होत्या. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांत तेल टोचूनही गाठी फारच कमी होतात. बिघाड पेशीत होतो. बहुतेक गाठींत १२ आणि १५ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन मिक हे जनुक अँटीबॉडीच्या जनुकाशेजारी येऊन बसतं, हे १९८२ च्या सुमारास स्पष्ट झालं. त्या पेशीने कधीकाळी निवडलेली अँटीबॉडी मात्र जशीच्या तशी राहते. तुझ्या सीनिअरला हे सांग. कारखान्याला आग लागली म्हणून आतला माल खोटा ठरत नाही.

आणि ही नुसती जंतूंची गोष्ट नाही. कुणाला डेक्स्ट्रान ही साखरेची साखळी धरता येते: जे५५८ आणि एमओपीसी-१०४ई एका प्रकारचं, डब्ल्यू३१२९ दुसऱ्या प्रकारचं. जे६०६ इन्युलिन या दुसऱ्या साखळीला धरते. जे५३९ आणि तिच्या बहिणी गॅलॅक्टन धरतात, म्हणजे गॅलॅक्टोज साखरेची १-६ अशी जोडलेली साखळी. या गटाविषयीचे सत्तरच्या दशकातले लेख मी पहिल्यांदा वाचले तेव्हा चाचणीच्या पदार्थांत "घट्टी गम" असं नाव होतं. ग्रंथालयात शोधल्यावर कळलं की हा धावड्याचा डिंक! सह्याद्रीपासून विदर्भापर्यंत ज्याची झाडं उभी आहेत, जो माझी आई दर थंडीत तुपात फुलवून लाडवात घालायची, तो. बेथेस्डातल्या उंदराच्या गाठीतून आलेली अँटीबॉडी त्या डिंकातल्या साखरेला ओळखत होती. त्या रात्री मी आईला ट्रंक कॉल लावला. तिला काय समजलं ते देव जाणे, पण तिने "मग अजून डिंक पाठवू का" असं विचारलं होतं.

माझी एमओपीसी-३१५ अधिक कोड्यात टाकणारी होती. सेंट लुईसला हर्मन आयझेन यांनी सिम्स आणि पॉटर यांच्याबरोबर १९६८ मध्ये दाखवलं की ती डायनायट्रोफिनाइल गटाला, डीएनपीला, धरते. डीएनपी हा कारखान्यातल्या पिवळ्या रसायनांतला गट, तो उंदराने आयुष्यात पाहिलेला नाही. तरी पकड चांगलीच, मोलारमागे १० च्या ७ व्या घाताच्या आसपास. टी१५ च्या जातभाईंची फॉस्फोरिलकोलीनवरची पकड त्याच्या शंभरपटीने सैल, १० च्या ५ व्या घाताच्या आसपास. पुढे १९७४ मध्ये आयझेन यांच्याच गटाने दाखवलं की ३१५ मेनाडायोनलाही धरते, म्हणजे के जीवनसत्त्वाच्या घराण्यातल्या रेणूला. तो डीएनपीसारखा दिसतही नाही. एकाच खिशात दोन वेगवेगळे रेणू बसू शकतात. म्हणून मी डीएनपीला तिचं "खरं" लक्ष्य कधीच म्हटलं नाही. आम्ही विचारलेल्या प्रश्नांपैकी ज्याला तिने हो म्हटलं, असा तो एक रेणू.

तिच्याबरोबर काढलेले दिवस आठवतात ते पिवळ्या रंगाने. उंदराच्या फुगलेल्या पोटातून जाड सुईने पाणी काढायचं. त्या वेळी उंदीर हातात अगदी निपचित पडून राहायचा, आणि ती पद्धत आता बहुतेक ठिकाणी बंद झाली याचा मला मनापासून आनंद आहे. पाणी फिरवून पेशी आणि चरबी बाजूला काढायची, आयजीएचे जोडलेले रेणू हलक्या हाताने सोडवायचे, मग डीएनपी-लायसिन बांधलेल्या सेफरोजच्या मण्यांच्या स्तंभातून सोडायचं. बाकी सगळी प्रथिनं वाहून जायची. मग डीएनपी-ग्लायसिन ओतलं की अँटीबॉडी त्याला धरून पिवळीधमक खाली उतरायची, आणि तो पिवळा रंग रेझिनवर काढून टाकायला आणखी एक दिवस. शेवटी फ्लुओरिमीटर. अँटीबॉडीतल्या ट्रिप्टोफॅनचा उजेड मोजत थेंब थेंब डीएनपी-लायसिन घालायचं. प्रत्येक भरलेल्या खिशामागे उजेड उतरत जातो. दोन खिसे भरले की उतरणं थांबतं. दर रेणूमागे बरोबर दोन. "कचरा" असता तर दोन आले नसते.

आता तुझ्या कामाचं. ही कंट्रोल बदलच, पण त्याआधी एक प्रयोग कर, म्हणजे कमिटीसमोर तुझ्याकडे पुरावा असेल. प्लेटवर टाकण्यापूर्वी टीईपीसी-१५ मध्ये फॉस्फोरिलकोलीन मिसळ, ०.०१ पासून १० मिलिमोलारपर्यंत चढत्या मात्रेत. मी सांगतेय ते बरोबर असेल तर आकडा तळाला जायला हवा. सांभाळायची गोष्ट एकच: फॉस्फोरिलकोलीन बहुधा कॅल्शियमचं लवण म्हणून मिळतं. ते पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या मिठाच्या द्रावणात) घातलंस तर कॅल्शियम फॉस्फेटचा गढूळ साका होईल. ट्रिस या फॉस्फेट नसलेल्या द्रावणात कर. आणि तेवढ्याच कॅल्शियम क्लोराइडचे खण वेगळे ठेव, नाहीतर कुणीतरी म्हणेल की कॅल्शियमनेच सुटली.

---

स्फटिक

मॅडमनी सगळं सांगितलंय, मी फक्त खिशाबद्दल लिहितो कारण माझं काम तेच आहे.

टी१५ ची सख्खी म्हणावी अशी एमसीपीसी-६०३. तिच्या फॅब (लक्ष्याला पकडणाऱ्या) तुकड्याची त्रिमितीय रचना डेव्हिड डेव्हिस यांच्या गटाने बेथेस्डातच १९७४ मध्ये काढली, फॉस्फोरिलकोलीन आत बसलेलं असताना. अँटीबॉडी आपल्या अँटिजेनला, म्हणजे लक्ष्याला, नेमकी कशी धरते हे डोळ्यांनी दिसलं अशा अगदी पहिल्या रचनांपैकी ती एक. कोलीनचं टोक खिशाच्या तळाशी जातं, फॉस्फेट तोंडाशी राहतं. फॉस्फेटला जड साखळीतले (अँटीबॉडीच्या दोन प्रकारच्या साखळ्यांपैकी मोठीतले) ५२ वं आर्जिनिन आणि ३३ वं टायरोसिन ही अमिनो आम्लं धरतात. कोलीनवरच्या धन भाराच्या जवळ ३५ वं ग्लुटामेट येतं. बहुतेक पकड जड साखळीची.

म्हणूनच फॉस्फोरिलकोलीन धरणाऱ्या सगळ्या गाठींच्या जड साखळ्या जवळपास सारख्या निघाल्या. १९८१ मध्ये लिरॉय हूड यांच्या गटाने कॅलटेकमध्ये १९ अँटीबॉडींच्या जड साखळ्या तपासल्या. निम्म्याच्या आसपास हुबेहूब टी१५ होत्या, आणि बाकीच्या तिच्यातच काही अक्षरं बदलून झालेल्या. मूळ जनुक एकच! टी१५ ची जड साखळी म्हणजे ते जनुक जन्मतः जसं असतं तसंच, एकही बदल न झालेलं. ट्यूमरने काही विकृत बनवलं ही कल्पना इथेच संपते.

पेशीवेडी, कवच असलेल्या जातीवर आकडा कमी का आला हेही यातच आहे. फॉस्फोरिलकोलीन भिंतीतल्या टायकोइक आम्लावर असतं, कवचाखाली. आर३६ए ला कवच नाही, म्हणून ते उघडं पडतं. फॉस्फोरिलकोलीनविरुद्धच्या जुन्या प्रयोगांत उंदरांना टोचायला हीच जात असायची. एव्हरी, मॅक्लिऑड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये डीएनए हेच आनुवंशिक द्रव्य असल्याचं दाखवलं, तेही याच आर३६ए वर.

आणखी एक सांगतो, कारण यात माझेही दोन महिने गेले होते. आधीच्या एका लॅबमध्ये आम्ही मरणाऱ्या पेशींवर आयजीए बघत होतो आणि कंट्रोल म्हणून हीच टीईपीसी-१५ होती. जिवंत पेशींवर काही नाही, मरणाऱ्यांवर झगझगीत. आम्ही त्याला "मेलेल्या पेशींचा चिकटपणा" म्हणून वजा करत राहिलो. पेशी मरताना तिच्या आवरणातल्या ऑक्सिडाइज झालेल्या मेदांवर फॉस्फोरिलकोलीन उघडं पडतं आणि टी१५ त्याला धरते. हे २००० सालीच छापून आलं होतं: ऑक्सिडाइज झालेल्या एलडीएलला (रक्तात मेद वाहणाऱ्या कणाला) धरणाऱ्या उंदराच्या ई०६ या अँटीबॉडीचा क्रम टी१५ शी जुळला. आम्ही वजा करत होतो तेच खरं उत्तर होतं. आमच्यात कुणीही क्लोनचं नाव वाचलं नव्हतं.

---

वऱ्हाडी_डॉक्टर

मी अकोल्यात मेडिसिनची प्रॅक्टिस करतो, उंदरांशी संबंध नाही. पण "सी पॉलिसॅकराइड" वाचून थांबलो. आमचं सीआरपी, जे कोविडच्या लाटेत घराघरात पोहोचलं, त्यातला सी तोच ना? १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये टिलेट आणि फ्रान्सिस यांनी न्युमोनियाच्या रुग्णांच्या सिरममध्ये या सी तुकड्याबरोबर साका देणारा पदार्थ पाहिला, एवढं परीक्षेपुरतं पाठ केलं होतं.

दुसरं, एक खरी अडचण. माझ्याकडे मायलोमाचे (प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगाचे) रुग्ण आहेत. इलेक्ट्रोफोरेसिसच्या (रक्तातली प्रथिनं वेगळी करणाऱ्या चाचणीच्या) कागदावर त्या एका प्रथिनाचा उंच सुळका दाखवला की नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, हे प्रोटीन कशाच्या विरुद्ध तयार झालंय?" गेल्या आठवड्यात एका शिक्षकाने विचारलं. त्याची आई आजारी आहे. मी "ते बिनकामाचं असतं" असं म्हणून वेळ मारून नेली. वरचं वाचल्यावर ते उत्तर मला बरोबर वाटत नाही.

---

जुनी_प्रयोगशाळा

डॉक्टर, सी तोच. आणि गंमत पाहा, सीआरपी अँटीबॉडी नाही, तिचा आकार अगदी निराळा, पाच पाकळ्यांच्या फुलासारखा, तरी तीही फॉस्फोरिलकोलीनलाच धरते. फक्त तिला कॅल्शियम लागतं, टी१५ ला लागत नाही. एकाच तुकड्यासाठी शरीराने दोन वेगळ्या हातांची तयारी ठेवली आहे. पेशीवेडी, कॅल्शियमचे खण वेगळे ठेवायला सांगितलं त्याचं हे दुसरं कारण समज. नाकाच्या स्रावातलं दुसरं काही कॅल्शियम मिळाल्यावर जागेवर बसतं का, हेही त्यात दिसेल.

त्या शिक्षकांना काय सांगावं, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता. मी इतकंच सांगेन की माणसांतही लक्ष्य सापडलेली उदाहरणं आहेत. थंडीत तांबड्या पेशींच्या गुठळ्या करणाऱ्या एकजिनसी आयजीएम तुम्ही पाहिल्या असतील; त्या तांबड्या पेशीवरच्या आय अँटिजेनला धरतात. काहींच्या आयजीएम मज्जातंतूच्या वेष्टणावरच्या प्रथिनाला धरतात आणि पायांना बधिरपणा येतो. १९७६ मध्ये एका मायलोमाच्या रुग्णाची नोंद झाली, ज्याची त्वचा आणि केस पिवळे पडले होते. कावीळ नव्हती. त्याची अँटीबॉडी रायबोफ्लेविनला, बी-२ जीवनसत्त्वाला, घट्ट धरून रक्तात साठवत होती. बहुतेक रुग्णांत कुणी शोधलेलंच नसतं, कारण उपचार त्यावर अवलंबून नसतात. तर "बिनकामाचं" ऐवजी "कधीतरी कशाविरुद्ध तरी बनलेली अँटीबॉडी आहे, ती पेशी आता थांबायचं विसरली आहे, आपण त्या पेशीवर औषध देतोय" असं म्हणता येईल का? मी हे डॉक्टर म्हणून नाही, मुलगी म्हणून सांगतेय. माझ्या वडिलांना हाच आजार होता. मी या विषयात पीएच.डी. असूनही त्यांनी मला हाच प्रश्न विचारला होता, आणि त्या दिवशी मीही वेळ मारून नेली होती.

---

वऱ्हाडी_डॉक्टर

म्हणता येईल. सोमवारी ते आईला घेऊन येणार आहेत.

---

पेशीवेडी (पुणे)

मॅडम, स्फटिक सर, उशीर झाला. फॉस्फोरिलकोलीन यायलाच नऊ दिवस लागले. खरंच कॅल्शियमचं लवण निघालं. सवयीने पहिली नळी पीबीएसमध्येच केली आणि डोळ्यांदेखत दूध झालं. मग ट्रिसमध्ये.

आर३६ए वर टीईपीसी-१५ एकटी: १.७९. सोबत ०.०१ मिलिमोलार फॉस्फोरिलकोलीन: १.५२. ०.१ ला १.०१, १ ला ०.३१, १० ला ०.०९. फक्त कॅल्शियम क्लोराइड, १० मिलिमोलार: १.७६. साधं कोलीन क्लोराइडही करून पाहिलं, कारण कपाटात होतं. १० मिलिमोलारला ०.९४ पर्यंतच उतरलं. फॉस्फेटचं टोक नसल्याने पकड अर्धवट राहते, असंच ना?

प्लेट वाचली तेव्हा संध्याकाळचे साडेसात झाले होते, लॅबमध्ये मी एकटीच होते. टीएमबीचा निळा रंग डावीकडून उजवीकडे फिका होत गेलेला, आणि शेवटचा खण पाण्यासारखा. तीन आठवडे जो निळा रंग बघून रडू यायचं, तोच बघून त्या दिवशी मी गाईडना फोन केला. ते दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः प्लेट बघायला आले. म्हणाले हा आलेख प्रबंधात जाईल.

आता दोन प्रश्न. नवी कंट्रोल म्हणून एमओपीसी-३१५ मागवू का? तीही आयजीए आहे, फक्त हलकी साखळी कप्पाऐवजी लॅम्डा. आणि माझ्या लस दिलेल्या उंदरांच्या नमुन्यांतली किती आयजीए फॉस्फोरिलकोलीनविरुद्धची आहे, हे याच युक्तीने वेगळं काढता येईल का?

---

जुनी_प्रयोगशाळा

सुरेख आलेख आहे. कोलीनबद्दल तुझा अंदाज बरोबर. स्फटिकने सांगितलेलं आर्जिनिन आणि टायरोसिन फॉस्फेटसाठी थांबलेले असतात, आणि ते आलंच नाही.

३१५ चालेल. तुझी दुसरी अँटीबॉडी जड साखळी ओळखणारी आहे ना, एवढं बघ. ती कप्पा ओळखणारी असेल तर ३१५ दिसणारच नाही आणि तुला खोटं शून्य मिळेल. आणि तुमच्या लॅबमध्ये कुणी डीएनपी किंवा टीएनपी (डीएनपीचा भाऊबंद) जोडलेलं बीएसए वापरत असेल तर त्यांचं बीएसए तुझ्या प्लेटवर येऊ देऊ नकोस.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हो. प्रत्येक नमुना दोन खणांत घाल, एक नुसता, एक १० मिलिमोलार फॉस्फोरिलकोलीनसह, दोन्ही ट्रिसमध्ये. वजाबाकी म्हणजे फॉस्फोरिलकोलीनविरुद्धचा वाटा. बाल्ब-सी असतील तर तो वाटा बराच मोठा निघेल, कारण या जातीच्या उंदरांत त्याविरुद्धच्या अँटीबॉडींवर टी१५ चाच वरचष्मा असतो. मात्र लस न दिलेल्या उंदरांचे नमुनेही त्याच प्लेटवर घे. त्यांच्यातही थोडी सापडेल. ती कुठून आली हे आता तुला माहीत आहे.